चिकाचं दूध

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण भोरच्या दवाखान्यात डॉक्टर असताना मी प्रत्येक बाळंतिणीला बजावायचो, "पहिलं चिकाचं दूध फेकू नका, बाळाला पाजा." एकदा हिर्डोशीची धनगरीण कोंडाबाई सुनेचं औषध न्यायला घरी आली, तर माझी आई माझ्याच बायकोचं ते दूध वाटीत पिळून टाकत होती. दोन दिवसांचं बाळ मधाच्या बोटावर मलूल पडलेलं आणि मी शेजारी गप्प.

कोंडाबाई हबकलीच. "डाक्टर, कोकराचाबी चीक आमी फेकत न्हाई! आमाला शिकवता, अन् तुमचं लेकरू उपाशी?"

तिनं बाळ उचलून थेट माझ्या बायकोच्या पदराखाली दिलं. ते चुटूचुटू प्यायला लागलं.

माझ्या आईनं माझ्याकडे रोखून पाहिलं. मी, दोन पदव्यांचा डॉक्टर, घाईघाईनं म्हणालो, "या कोंडाबाईला मी काही शिकवलेलं नाही हं!"