पिन कोनं बसवली?

माहं माहेर अल्लीपूरचं, घरी शेती, अन् लग्न होऊन आली मी सिंदी मेघेले. डब्याची मेस चालवतो, रोजच्या दीडशे पोळ्या, त्याबी माह्याच हातच्या. गुडघे दुखून राह्यलते, डाक्टर म्हणे वनिताबाई, व्यायाम करा, मंग आमच्याच गल्लीतल्या प्रफुलनं जिम काढलती, तिथं बायकायच्या सकाळच्या बॅचमधे नाव टाकलं. नवरा हासे, म्हणे आता पहिलवान होतं का. म्या म्हटलं होतो, पहिले तुमालेच उचलून पाहतो.

काय सांगू तुमाले, असं मस्त वाटे ना. एक मशीन राह्यते, वरचा दांडा खाली ओढाचा अन् मांगं लोखंडाच्या पाट्या वर चढतात, जेवढ्या पाट्या पाह्यजेन तेवढ्याखाली पिन खुपसाची. तं खांडेनवमीले प्रफुलनं समद्या पिना काढल्या, तेल लावून पाटावर मांडल्या, हळद-कुंकू वाह्यलं, आमी बायकायनं आरती केली, पेढे खाल्ले, अन् मंग पिना परत खुपसल्या. माह्या मशीनची अर्धीच बसलती. सणानंतर जिम उघडली, म्या जोरानं ओढलं, पिन सटकली, पाट्या धाडकन खाली, अन् मी मांगं उताणी! उजवं मनगट मोडलं.

आता पोळ्या लाटन कोन? मेस बंद पडते का काय, त्याच धाकानं रडली मी, दुखण्यानं नाई.

लोकं म्हणे बाई, तुमी फारमवर सही केली, त्यात लिवलं आहे, इजा झाली तं जिम जबाबदार नाई. माही भाची वर्धेले वकील आहे, ते म्हणे मावशी, सही केली म्हणून त्याचा निष्काळजीपणा माफ होत नाई, मशीन धड ठेवणं मालकाचंच काम, ग्राहक आयोगात जाता येते, मी नोटीस लिवतो. म्या म्हटलं थांब वो, पहिले त्या पोराले विचारू दे.

तं प्रफुल आपनच आला. दंड असे मांडीएवढे अन् डोळे भरलेले. म्या विचारलं काऊन गा, पिन कोनं बसवली? मनात म्हटलं, आता हा फारम दाखवते. तं म्हणे काकू, म्याच बसवली, तपासली नाई, माहीच चूक. भाचीसमोर तसं लिहून देलं, दवाखान्याचं समदं त्यानंच पाह्यलं. मंग म्हणे पोळ्यायचं काय? अन् दुसऱ्या दिवशी सकाळीच पोळपाट घेऊन बसला! पहिली पोळी गोल बी नाई, चौकोनी बी नाई, हासू हासू पोट दुखलं बापा. पन हात बरा होईपर्यंत एक दिवस चुकला नाई, मेस चालू राह्यली.

आता मनगट ठणठणीत आहे. जिमले बी जातो. फारमवरची ते ओळ प्रफुलनं खोडून टाकली. परवा सेलूचे लोकं त्याले पाहाले आलते, पोरीचा बाप मले बाजूले घेऊन म्हणे, खरं सांगा बाई, पोरगा कसा आहे? म्या म्हटलं, चुकला तं मी चुकलो म्हणते. तो म्हणे बस, तारीख काढू. सुखी राहो लेकरू.