तळ्यावरची पाटी

निलंग्याच्या एसटीत पुढच्या सीटवरचं बोलणं सोमेशच्या कानावर पडत होतं.

"सलीम, मासे पाळणाऱ्या सगळ्यांना आता एकच कायदा होऊन राहिलाय म्हणं. शेततळ्यावर मालकाच्या नावाची पाटी लावावी लागंल."

"मग लावा की, अप्पा. तळं तुमचं, मासे तुमचे. मी तर राखणदार."

"आमच्यात मासळीला शिवत बी न्हाईत. लिंगायत हाव आमी, गळ्यात लिंग हाय माझ्या. पाटीवर तुझं नाव टाकू का?"

"तळ्यातलं सडकं पाणी तुम्ही वढ्याला सोडायला लावलं. तवा गावानं शिव्या कुणाला दिल्या?"

"तुला."

"तुम्ही तिथंच बसले होते."

"हाव."

"मग पाटी कशाला, अप्पा? गावाला माझंच नाव पाठ हाय."

मागं सोमेशनं आपल्या गळ्यातलं लिंग हळूच शर्टाच्या आत सारलं.