कॉफीवाल्याचे पोहे

चहा घे आधी, मंग सांगतो. जालन्यात कुठं काय चांगलं मिळतं, हे मला विचारल्याशिवाय आपले लोक घराबाहेर पडत न्हाईत, हे तुला ठाऊकच आहे. दोन महिन्यांमागं जाफराबादहून भाच्याचा फोन आल्ता.

"मामा, मुलगी म्हणती, पाहण्याचा कार्यक्रम नको, पोहे तर बिलकुल नको. बाहेर कॉफी पिऊन बोलू. शांत जागा सांगा."

मी म्हणलं, "मंठा रोडच्या नव्या कॉलनीतल्या कॉफीच्या दुकानात जा. मालक आपला माणूस आहे."

मंग मालकाला फोन लावला, "भाचा मुलगी पाहायला येऊन राह्यला, बराबर लक्ष दे." त्यानं लईच लक्ष दिलं. मुलगी पाहायची म्हणजे पोहे पाहिजेतच, असा त्याचा हिशोब. दोघं बसले न बसले तोच त्यानं दोन प्लेट कांदेपोहे समोर ठेवले. भाच्याचं तोंड उतरलं. मुलीनं मात्र एक घास खाल्ला अन् विचारलं, "कुणी केले?"

"मीच केले, ताई."

ती भाच्याकडं वळली. "तुम्हाला येतात का असे?"

तवापासून भाचा दर रविवारी जालन्यात दिसतो. मला वाटलं, तिलाच भेटायला येत असंल. काल मालकाला विचारलं, "काय रे, दोघं येतात का तुझ्याकडं?"

"न्हाई काका, एकटाच येतो. कांदा आता बारीक चिरून राह्यला. पुढच्या रविवारी तिला बोलावलंय, चाखायला."