शून्य फूट खोल

बसच्या रांगेत माझ्यापुढे जेसीबी चालवणारा एक जण आणि शहराचा त्रिमितीय नकाशा सांभाळणारी त्याची बहीण उभी होती.

“दादा, उद्या चौकात खोदू नकोस.”

“का? नकाशात गॅसची लाइन शून्य फूट खोल आहे. म्हणजे रस्त्यावरच. मला तर दिसली नाही.”

“खोली कुणी मोजलीच नव्हती. रिकाम्या रकान्यात आमच्या डेटाबेसने शून्य भरलं.”

“वा. आणि मी डोळे झाकून खोदलं असतं.”

“म्हणून शून्यवाल्या सगळ्या लाइनींवरचं खोदकाम मी अडवलंय. मोजल्याशिवाय परवानगी निघणार नाही.”

“साहेब भडकतील तुझे.”

“गॅस भडकण्यापेक्षा बरं. सकाळी मीच मोजायला येते.”

“आणि त्याआधी मुकादम ‘चालू कर’ म्हणाला तर?”

“नाही म्हणायचं.”

“त्याला? त्यापेक्षा ही जेसीबीची चावी तूच ठेव. मोजून झालं की दे.”