लांजेवार गुरुजींची सुनावणी

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. पेटीवाले, सूर सोडू नका, पण हळू. आधी तुम्हाला एक प्रश्न विचारतो. शिक्षा भोगून झाली, की माणूस मोकळा होतो का?

घाई करू नका! पहिल्या रांगेतल्या आजोबांनी लगेच मान डोलावली – होतो म्हणाले. आणि बायकांच्या बाजूला एक मान आडवी हलली, तीही मी पाहिली. आजोबा, घरी जाऊन बोला त्यांच्याशी. आता मात्र दोघंही ऐका.

आज आख्यानात राक्षस नाही, स्वयंवर नाही. आज आख्यानात कायदा आहे – अहो, उठलात कुठे? बसा! कायदा म्हटल्यावर पाय मोकळे करायला निघाले! दोन वाक्यांत उरकतो.

आपल्या गोष्टीतल्या राज्यात – कुठलं राज्य ते नकाशात शोधू नका, हे कीर्तनकाराचं राज्य आहे – शिक्षकांसाठी एक नोंदणी होती. नोंदणीत नाव असेल तरच वर्गात पाय ठेवायचा. नाव नाही, तर सरकारी शाळा नाही, खाजगी नाही, ओट्यावरची शिकवणीसुद्धा नाही. पूर्वी गुरुजींनी आगळीक केली, की काय व्हायचं? बदली! मला सांगा, बदली ही शिक्षा कुणाला? ज्या गावात ते गुरुजी गेले, त्या गावच्या पोरांनी काय केलं होतं हो? म्हणून पुढे नाव काही काळ बाजूला ठेवायची पद्धत आली. मुदत संपली, की नाव आपोआप परत.

मग कायदा बदलला. 'आपोआप' हा शब्द गेला! आता मुदत संपली तरी नोंदणी सांभाळणाऱ्या परिषदेसमोर उभं राहायचं, उघड सुनावणीत. आणि जिला किंवा ज्याला इजा झाली, त्यानं तिथे एक प्रश्न विचारायचा. गुरुजींनी उत्तर द्यायचं. शिक्षक संघटनेच्या सभेत गदारोळ झाला. "आता पोट्टे आमची परीक्षा घेणार काय?" एक सर ओरडले. मागून एक बाई म्हणाल्या, "घेऊ द्या ना सर, आपण काय कमी घेतल्या?"

तर वैनगंगेच्या काठी, धानाच्या मुलखात एक गाव. तिथे दिवाकर लांजेवार नावाचे गुरुजी मराठी शिकवायचे. उत्तम शिकवायचे, हे आधी सांगतो. वाईट माणसाची गोष्ट सोपी असते, ती मी सांगत नाही. कविता म्हणायला लागले, की शेजारच्या वर्गातलं गणित थांबायचं! पण एक हट्ट. त्या मुलखात घरोघर 'ळ'चा 'र' होतो. डोळ्याला डोरा, शाळेला शारा. आईच्या तोंडातून आलेली भाषा ती, गोडच. गुरुजींना ती खुपायची.

एक दिवस मोठे साहेब शाळा बघायला आले. सातवीच्या वर्गात प्रणाली कापगते नावाची मुलगी उभी राहिली. धीट पोरगी. साहेबांनी विचारलं, "काय आवडतं गं इथलं?" ती म्हणाली, "मले अख्खी शाराच आवडते!"

साहेब हसले. वर्ग हसला. गुरुजीही हसले – दातांनी. साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेली, आणि वर्गात आवाज झाला. एकच. डाव्या कानावर.

पडदा फाटला, मंडळी. उपचार झाले, पण त्या कानानं ऐकू येणं कमी झालं ते झालंच. आणि दुसरं, जे डॉक्टरला दिसत नाही – पोरगी वर्गात बोलेनाशी झाली. हजेरीला नुसता हात वर करायची.

तक्रार झाली, चौकशी झाली, नाव बाजूला ठेवलं गेलं. गुरुजी मेव्हण्याच्या राईस मिलमध्ये बसू लागले.

आता तुम्ही म्हणाल, बरं झालं. मीही म्हणेन. पण मिलमध्ये या जरा माझ्याबरोबर. तांदूळ निघतो, पांढरी भुकटी उडते, गुरुजींच्या बोटांना बसते. ते अंगठ्यानं बोटं चोळतात आणि बघत राहतात. खडूच तो! फक्त समोर फळा नाही. हमालांना जेवायची सुट्टी दिली, तर तोंडातून निघतं, "रांगेनं जा!" हमाल तुकाराम हसून म्हणतो, "गुरुजी, उंचीनं का नंबरानं?" गुरुजीही हसतात. मग शाळेच्या बाजूनं प्रार्थनेचा आवाज येतो आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहतं, माणूस निघून जातो. कुठे? तिथेच, तिसऱ्या ओळीत सूर चढवणाऱ्या पोरांत.

मंदाबाई, त्यांची बायको, एकदा डबा घेऊन आली. गुरुजी मिलच्या दारात उभे, ओठ हलताहेत. तिनं विचारलं, "जप करता का?"

"नाही गं. सातवीला आज विरामचिन्हं असतील. नवीन बाई स्वल्पविराम कसा सांगत असतील, ते…"

"जेवा," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

पाण्याबाहेर पडलेली मासोळी पाहिलीत ना? ती पाण्यासाठीच तडफडते. पण मासोळीनं पाणी गढूळ केलेलं नसतं. गुरुजींनी केलं होतं! तडफड खरी आणि दोषही खरा. दोन्ही एका देहात. कठीण आहे!

मुदत संपली. सुनावणीचं बोलावणं आलं. ढोमणे वकिलांनी गुरुजींना बसवून पढवलं. "नवीन कायद्यात एक खाच आहे. 'मी मारलं' असं स्वतःच्या तोंडानं म्हणालात, तर दोष कायमचा नोंदला जातो. नाव बाजूला ठेवायची मुदत वाढू शकते. म्हणून तसं म्हणायचंच नाही. 'कामाचा ताण होता, भावनेच्या भरात हात उठला, त्याची खंत आहे.' एवढंच. पाठ करा."

पाठांतर गुरुजींना काय शिकवायचं!

सुनावणीची खोली. समोर परिषदेचे तीन सदस्य, मधल्या खुर्चीत अध्यक्षबाई. एका बाजूला गुरुजी आणि वकील. दुसऱ्या बाजूला प्रणाली, आता दहावीत गेलेली, आणि तिची आई. गुरुजींनी वाक्य म्हटलं. काय म्हटलं हो! स्वल्पविरामासकट! अध्यक्षबाईंनी मान हलवली. वकिलांनी मांडीवरची मूठ सैल केली. गुरुजींच्या डोळ्यांपुढे वर्ग उभा राहिला – बाकं, खिडकी, ओला फळा. हातभर अंतरावर!

अध्यक्षबाई म्हणाल्या, "प्रणाली, तुला एक प्रश्न विचारता येईल. विचारायचा नसेल तरी चालेल."

पोरगी उभी राहिली. आईनं तिची ओढणी धरली, ती तिनं सोडवली.

"गुरुजी," ती म्हणाली, "आमच्या शारेत आता व्याकरणातले प्रयोग चालू आहेत. क्रियापदाले 'कोण' विचारलं, का कर्ता भेटते. तुमी म्हणाले, 'हात उठला'. या वाक्यात कर्ता कोण?"



वकील पुटपुटले, "उत्तर देऊ नका, हा प्रश्न विषयाला धरून नाही." विषयाला धरून नाही? अहो, त्या खोलीत विषय एकच होता आणि तो कळणारी माणसं दोनच! ज्यानं उभा जन्म पोरांना वाक्यं सोडवायला शिकवली, त्याला कर्ता सांगता येईना? येत होता. केव्हाचा येत होता.

"हात," गुरुजी म्हणाले. "या वाक्यात कर्ता… हात आहे."

"मंग तुमी कुठं आहा?"

गुरुजींनी उजव्या हाताकडे पाहिलं. मग खाली ठेवला.

"मी या वाक्यात नाही," ते म्हणाले. "मी मुद्दाम असं वाक्य निवडलं, की ज्यात मी नसेन. ते वाक्य चूक आहे, प्रणाली. बरोबर वाक्य असं – मी तुला मारलं. ताण नव्हता. साहेब हसले, तेव्हा मला तुझ्या बोलण्याची लाज वाटली. म्हणून मी मारलं. लाज मला माझी वाटायला हवी होती."

ढोमणे वकिलांनी डोळे मिटले. अध्यक्षबाईंनी विचारलं, "हे नोंदवून घेऊ? परिणाम माहीत आहे ना?"

"माहीत आहे. घ्या."

नाव परत मिळालं का? तुमचा जीव तिथे अडकलाय, मला दिसतंय. नाही मिळालं! दोष कायमचा नोंदला गेला, मुदत वाढली. पुढच्या वर्षी पुन्हा उभं राहता येईल, मिळेलच असं नाही. इतक्या दिवसांची आस हातभरावर आली होती, ती माणसानं स्वतःच्या तोंडानं लांब ढकलली. बाहेर आल्यावर मंदाबाई म्हणाली, "एवढं बोलायला इतके दिवस लागले होय?" आणि त्यांचा हात धरून चालू लागली. उजवाच.

बस स्टँडवर एकच बाक. एका टोकाला प्रणाली आणि तिची आई. मंदाबाई गाडीची चौकशी करायला गेली, गुरुजी लांब उभे राहिले. गाडीला उशीर. प्रणालीनं त्यांच्याकडे पाहिलं, आईला काहीतरी सांगितलं आणि बाकावर सरकून जागा केली. गुरुजी अवघडून बसले. काहीतरी विचारलं त्यांनी. काय विचारलं, तिला ऐकू आलं नाही. कारण ते तिच्या डाव्या बाजूला बसले होते.

तेव्हा ती पोरगी उठली, त्यांना वळसा घालून दुसरीकडे बसली आणि म्हणाली, "हं. आता बोला, गुरुजी."

बोला, विठ्ठल! विठ्ठल!

मंडळी, माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी तिच्या तोंडी घालणार नाही. तिनं ऐकू येणारा कान दिला, एवढंच. गुरुजी अजून मिलमध्येच आहेत. प्रार्थनेचा आवाज आला, की अजून दारात येतात. ओढ गेली नाही, जाणारही नाही. शिक्षेची मुदत भोगून ते मोकळे झाले नव्हते. मोकळे झाले ते 'मी' म्हटल्यावर, आणि मोकळं झाल्यावरही वर्ग दूरच राहिला. देवाच्या घरी असंही असतं.

आता तुमच्याकडे वळतो. खाली बघू नका! तुम्ही काय म्हणता? "भावाशी बोलणं तुटलं." आपोआप तुटलं? "आईकडे जाणं राहून गेलं." कुणी राहू दिलं? "सुनेला लागेल असं बोललं गेलं." कोण बोललं हो? सगळी वाक्यं शुद्ध, आणि एकातही आपण नाही! कायदा नोंदणी झालेल्या गुरुजींना उभं करतो. तुम्हाआम्हाला कोण उभं करणार?

मी करत नाही, माझा तो अधिकार नाही. मी एवढंच करतो – आता आरती होईल. ज्यांना कुणाकडे जायचं आहे, त्यांनी आरतीला थांबू नका. उठा, जा. ताट आम्ही ओवाळतो. इथे तुमची जागा रिकामी दिसली, तर देवाला आनंदच होईल.

पेटीवाले, सूर चढवा. जाणाऱ्यांना वाट द्या.