शाळा सोडल्याचं कारण

धाकटा : "...आणि मी शिकावं म्हणून दादाने चौदाव्या वर्षी शाळा सोडली, कारखान्यात लेथवर उभा राहिला." इथे टाळ्या पडतील बघ.

दादा : ते वाक्य काढ.

धाकटा : संध्याकाळी तुझी पंचाहत्तरी. आज तरी लाजू नकोस.

दादा : लाजत नाही रे. खोटं आहे ते.

धाकटा : आई तर सगळ्यांना हेच सांगायची.

दादा : आईला झाकायचं होतं. मास्तर धडा वाचायला उभं करायचे आणि अक्षरं जागेवर राहायची नाहीत. पोरं हसायची. एकदा भर वर्गात चड्डी ओली झाली. परत गेलो नाही. अजूनही पेपर तुझी वहिनी वाचून दाखवते. चष्म्याचं आपलं निमित्त.

धाकटा : मला कधी बोलला नाहीस.

दादा : तू सात वर्षांचा होतास. शेजारीपाजारी पाठीवर हात ठेवायला लागले, "भाऊ असावा तर असा!" त्याआधी मला शाबास कुणी म्हटलं होतं? मोह पडला. मग तसं वागणंही आलं. पत्ते नाहीत, बिडी नाही. बरा माणूस झालो असेन, तर तो त्या धाकाने.

धाकटा : वाचता न येणाऱ्या पोरांना मी वर्गात तुझं उदाहरण द्यायचो. "माझ्या भावाने माझ्यासाठी शाळा सोडली, आणि तुम्ही फुकट घालवताय." तीस वर्षं, दादा.

दादा : अरेरे.

धाकटा : उभं करून सांगायचो.

दादा : रागाव माझ्यावर. पण असा खाली बघत बसू नकोस, हेडमास्तर.

धाकटा : कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मला जहाजावर जायचं होतं. भरती चालू होती. फॉर्म भरून घरी आलो, तर तू जेवत होतास, बोटाला फडकं बांधून. डाव्या हाताने घास घेत होतास. मोरीत जाऊन फॉर्म फाडला.

दादा : मला विचारायचंस तरी!

धाकटा : कोणत्या तोंडाने?

(धाकटा पेन उघडून कागदावरची एक ओळ खोडतो.)

धाकटा : काढलं वाक्य. आता या भाषणात उरलं काय?

दादा : ठेव तो कागद. लोक सहाला येतील. तू बस इथे. जहाजावर काय काम करणार होतास, ते सांग.