कापसामागची लपाछपी

कोणाले सांगू नका बाप्पा, हसतील लोकं. पोरगी सासरी मारेगावले गेली, घरात उरलो मी अन् शेऱ्या कुत्रा. त्यानं तं खाणंच सोडलं. ढोरायचा डॉक्टर म्हणे, "बाई, आजार नाही, त्याले करमत नाही. हिंडवा, लपाछपी खेळा, शोधू द्या."

मंग सकाळी नाल्यापर्यंत हिंडणं, अन् दुपारी मी घरातल्या कापसाच्या ढिगामागं लपणं. आठ दिवसांत गडी भाकर खायले लागला.

एक दिवस लपली, तं शेऱ्या येईचना. गुडघे आखडले, तरी मी बसूनच.

शेवटी शेजारची सुमन आली. "अवो काकू, शेऱ्या आमच्या पोरायसंगं खेळून राह्यला! तुम्ही इथं काय करून राह्यल्या?"

म्हटलं, "काही नाही माय, मले कोणी शोधते काय, पाहून राह्यली."